डायल-इन मोडेमचा सिरियल पोर्ट: युनिक्सवर फ्लो कंट्रोल नीट कसा लावायचा

लॉगिन होतं, छोट्या आज्ञा चालतात, पण लांब यादी मागवली की मधल्या ओळी गायब. नाहीतर एका ओळीचं शेपूट दुसरीच्या पोटात. अशा वेळी पहिला आळ येतो तो टेलिफोन लाइनवर. तालुक्याच्या गावाहून येणारी तांब्याची तार, वाटेत पंपांच्या मोटारी, पावसाळ्यात ओले झालेले सांधे, त्यामुळे संशय साहजिक आहे. तरी तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. दोन्ही मोडेम व्ही.४२ ने जोडले गेले असतील तर लाइनवर बिघडलेला तुकडा ते आपसांत पुन्हा पाठवून घेतात. खराब लाइनमुळे काम संथ होईल किंवा जोडणी तुटेल, पण मधली अक्षरं गुपचूप नाहीशी होणार नाहीत. ती जातात मोडेम आणि संगणक यांच्यातल्या दीड मीटर केबलवर, आणि तिथला बंदोबस्त, म्हणजे दोघांनी एकमेकांना ‘थांब’ आणि ‘चाल’ सांगण्याची सोय, तोच फ्लो कंट्रोल.

जळगावच्या डाळ मिलचं हिशेबाचं जुनं मशीन असो, अमळनेर-चोपड्याकडच्या जिनिंगचं वजनकाट्याचं टर्मिनल असो किंवा तापीकाठच्या उपसा सिंचनाच्या पंपघराची नोंद घेणारं यंत्र, जिथे बाहेरून फोन करून युनिक्सवर लॉगिन करायचं आहे तिथे खालची पद्धत लागू पडते. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत करायच्या: युनिक्सच्या आज्ञा लहान अक्षरांत, मोडेमच्या मोठ्या अक्षरांत.

आधी थोडं गणित

३३,६०० बिट वेगाची व्ही.३४ जोडणी सेकंदाला जेमतेम ४,२०० बाइट नेते. संगणकाचा पोर्ट आपण १,१५,२०० वर ठेवतो. दर अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून १० बिट, म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरं. पोर्ट इतका चढा ठेवण्याचं कारण व्ही.४२बिस हे कॉम्प्रेशन. मजकूर चांगला दाबला जाणारा असेल तर ते चौपटीपर्यंत जातं आणि पोर्ट मंद असेल तर तो फायदा वाया जातो. १४,४०० च्या जुन्या मोडेमला ५७,६०० चा पोर्ट लावायचे, तो हाच हिशेब.

पण झिप केलेली फाइल पुढे दाबली जात नाही. मग संगणक ११,५२० ने ओततो आणि मोडेम ४,२०० नेच पुढे ढकलतो. मोडेमचा बफर (पुढे न गेलेला डेटा तात्पुरता साठवायची जागा) भरला की त्यानं ‘थांब’ म्हणायला हवं आणि संगणकानं ते ऐकायला हवं. हार्डवेअर पद्धतीत हे काम दोन तारा करतात. मोडेमनं सीटीएस (‘पाठवायला हरकत नाही’ अशी खूण देणारी तार) खाली टाकला, म्हणजे ती खूण काढून घेतली, की संगणकानं पाठवणं थांबवायचं. संगणकानं आरटीएस खाली टाकला की मोडेमनं थांबायचं. डायल-इन मशीन घेतं कमी आणि पाठवतं जास्त, म्हणून इथे सगळा भार सीटीएसवर येतो.

दुसरी पद्धत एक्सऑन-एक्सऑफ. तिला वेगळी तार लागत नाही, डेटामध्येच कंट्रोल-एस (१९) आणि कंट्रोल-क्यू (१७) ही अक्षरं पाठवून थांब-चाल सांगितलं जातं. डायल-इनवर ती वापरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. बायनरी फाइलमध्ये १९ हा बाइट येणारच, आणि तो आला की पलीकडचा गप्प. ईमॅक्स या एडिटरमध्ये कंट्रोल-एस म्हणजे शोध, तिथेही अडेल. पीपीपी (फोनवरून नेटवर्क जोडणारा प्रोटोकॉल) चालवायचं आणि नाइलाजानं हीच पद्धत ठेवायची असेल तर ‘एसिंकमॅप ए००००’ द्यावं लागतं, म्हणजे ती दोन अक्षरं वेष बदलून जातात. ज्या केबलमध्ये तीनच तारा आहेत आणि जी बदलता येत नाही, तिथेच ही तडजोड.

केबल

मोडेमला सरळ केबल लागते, दोन संगणक थेट जोडायला तारा उलटसुलट केलेली नल-मोडेम केबल नाही. संगणकाकडे ९ पिनांचा आणि मोडेमकडे २५ पिनांचा कनेक्टर असेल तर जोडण्या अशा: १ ते ८ (डीसीडी), २ ते ३ (आरएक्सडी), ३ ते २ (टीएक्सडी), ४ ते २० (डीटीआर), ५ ते ७ (ग्राउंड), ६ ते ६ (डीएसआर), ७ ते ४ (आरटीएस), ८ ते ५ (सीटीएस), ९ ते २२ (रिंग). नऊच्या नऊ तारा हव्यात.

केबल गोलाणी मार्केटमधून नवी आणा किंवा जुन्या सामानातून काढा, मल्टिमीटर बीपवर लावून प्रत्येक जोडी तपासा. माउससाठी, बारकोडसाठी किंवा इलेक्ट्रॉनिक काट्यासाठी केलेली केबल बाहेरून हुबेहूब अशीच दिसते, आत मात्र २, ३ आणि ५ एवढ्याच तारा असतात. काहींत तर ७ आणि ८ या पिना कनेक्टरच्या आतच एकमेकींना जोडलेल्या असतात. ही सगळ्यात फसवी. संगणकाला स्वतःचाच आरटीएस सीटीएस म्हणून दिसतो, सगळं सुरळीत वाटतं आणि मोडेमचं ‘थांब’ कधी पोचतच नाही. म्हणून केबल दोन्हीकडून सोडवून ७ आणि ८ मध्ये बीप येत नाही ना, हेही पाहायचं.

केबल लावून मोडेम चालू केला, की पोर्टकडच्या बाजूला ५ आणि ८ मधला डीसी व्होल्टेज मोजा. मोडेम तयार असेल तर ८ वर अधिक ३ ते अधिक १५ च्या दरम्यान आकडा दिसला पाहिजे. वजा दिसला तर मोडेमनं सीटीएस खाली टाकलेला आहे. शून्याच्या आसपास घुटमळला तर तार तुटलेली आहे किंवा मुळात नाहीच.

यूएसबी-सिरियल अडॅप्टर वापरायचा तर नऊ पिनांचा पूर्ण आरएस-२३२ प्रकारचा घ्यावा. उघड्या पिनांचे ५ व्होल्टवाले छोटे बोर्ड मोडेमला चालत नाहीत.

मोडेमची बाजू

ज्या पोर्टवर काम करायचं त्यावरचा गेटी, म्हणजे पोर्टवर ‘लॉगिन:’ विचारणारा प्रोग्राम, आधी बंद करा. नाहीतर मोडेमचं निम्मं उत्तर तुम्हाला मिळेल आणि निम्मं गेटी खाईल. मग ‘सीयू -एल /डेव्ह/टीटीवायएस० -एस ११५२००’ असं करून मोडेमशी बोला. टीटीवायएस० मधला एस मोठा असतो. बाहेर पडायला नव्या ओळीवर तिरपी लाट आणि टिंब.

‘एटी’ला ‘ओके’ आलं की ‘एटी&एफ’ नं कारखान्यातल्या स्थितीवर जा. मग:

एटी&सी१&डी२

&सी१ म्हणजे समोरचा खरोखर जोडलेला असेल तेव्हाच डीसीडी वर ठेव. &डी२ म्हणजे संगणकानं डीटीआर सोडला की फोन ठेव. ही दोन बहुतेक मोडेमवर सारखी आहेत. फ्लो कंट्रोलची आज्ञा मात्र चिपनुसार बदलते. रॉकवेल-कोनेक्झंट वंशाच्या मोडेमला &के३. यूएस रोबोटिक्सला &एच१&आर२ आणि पोर्टचा वेग अढळ ठेवायला सोबत &बी१. झायझेलला &एच३. कित्येकांवर \क्यू३ चालतं. दुसऱ्या ब्रँडची आज्ञा दिली तरी मोडेम कधीकधी ‘ओके’ म्हणतो आणि काहीतरी भलतंच बदलतो, म्हणून पुस्तिका हाताशी ठेवा. नंतर ‘एटी&व्ही’ नं, यूएस रोबोटिक्सवर ‘एटीआय४’ नं, प्रत्यक्ष काय बसलं ते वाचा.

पुढचा भाग तुमचा गेटी कोणता, यावर ठरतो. साध्या गेटीला मोडेमनं स्वतः फोन उचलणं आणि तोंड बंद ठेवणं हवं असतं: ‘एटीई०क्यू१एस०=१’. ई० नाही दिलं तर गेटीनं पाठवलेलं ‘लॉगिन:’ मोडेम परत पाठवतो, गेटी ते कुणाचं तरी नाव समजून पासवर्ड विचारतो, तोही परत येतो, आणि कोणी फोन केलेला नसताना दोघांची रात्रभर जुगलबंदी चालते. एमगेटी या मोडेमसाठीच्या गेटीला याच्या उलट लागतं. तो स्वतः ‘रिंग’ शब्द वाचतो आणि स्वतःच फोन उचलायला सांगतो, म्हणून त्याच्यासाठी एस०=०, क्यू०.

शेवटी ‘एटी&डब्ल्यू’. हे न चुकता १,१५,२०० वर बोलत असतानाच करा. अनेक मोडेम शेवटचा एटी ज्या वेगानं ऐकला त्याच वेगानं ‘रिंग’ पाठवतात. ९,६०० वर जतन केलं तर वीज जाऊन आल्यावर एमगेटीला ‘रिंग’च्या जागी कचरा दिसतो.

यूएस रोबोटिक्सच्या बाहेरच्या मोडेमवर डिप स्विचही (छोटे खटके) असतात. त्यातला पहिला डीटीआरचा. तो खाली असेल तर मोडेम डीटीआरकडे बघतच नाही.

पोर्टची चिप

लिनक्सवर रूट (सर्वाधिकार असलेलं खातं) होऊन ‘सेटसिरियल -जी /डेव्ह/टीटीवायएस०’ करा. १६५५०ए दिसलं तर पुढे चला. ८२५० किंवा १६४५० दिसलं तर थांबा. १,१५,२०० वर दर ८७ मायक्रोसेकंदांनी एक अक्षर येतं. जुन्या चिपमध्ये एकाच अक्षराची जागा असते, तेवढ्या वेळात प्रोसेसरनं ते उचललं नाही तर पुढचं त्यावर चढतं. १६५५०ए मध्ये १६ अक्षरांची रांग असते, म्हणजे सुमारे १.४ मिलिसेकंदांची उसंत.

इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे. आरटीएस लावला की ही गळतीही थांबेल, असं धरलं जातं. नाही थांबत. या चिपा आरटीएस स्वतः हलवत नाहीत. कर्नल (युनिक्सचा गाभा) त्याचा स्वतःचा बफर भरत आला की आरटीएस खाली टाकतो. चिपच्या तोंडाशीच अक्षर हरवलं तर कर्नलला ते आलं होतं हेसुद्धा कळत नाही, फक्त ओव्हररनची नोंद होते. म्हणून जुन्या चिपवर वेग १९,२०० वर आणणं किंवा कार्ड बदलणं, एवढेच दोन उपाय.

नोंद पाहायला ‘/प्रॉक/टीटीवाय/ड्रायव्हर/सिरियल’ ही फाइल रूट म्हणून वाचा. त्या पोर्टच्या ओळीत टीएक्स, आरएक्स, आणि गळती झाली असेल तर ‘ओई’ पुढे आकडा दिसतो. त्याच ओळीच्या शेवटी आरटीएस, सीटीएस, डीटीआर, सीडी यांपैकी जे वर असतील त्यांची नावं असतात. मल्टिमीटर न उघडता तारांची हालहवाल कळायला ही ओळ फार उपयोगी.

युनिक्सची बाजू

लिनक्सवर:

एसटीटीवाय -एफ /डेव्ह/टीटीवायएस० ११५२०० सीएस८ सीआरटीएससीटीएस -आयएक्सऑन -आयएक्सऑफ -सीलोकल एचयूपीसीएल

सीआरटीएससीटीएस म्हणजे आरटीएस-सीटीएस चालू. आयएक्सऑन आणि आयएक्सऑफच्या आधीची वजा खूण म्हणजे एक्सऑन-एक्सऑफ बंद. -सीलोकल म्हणजे डीसीडीकडे लक्ष दे. एचयूपीसीएल म्हणजे शेवटचा प्रोग्राम पोर्ट बंद करेल तेव्हा डीटीआर खाली टाक. पोर्टचं नाव -एफ लावूनच द्या. बाणाच्या खुणेनं पोर्ट आत वळवला आणि सीलोकल बंद असेल, तर कोणी फोन करेपर्यंत आज्ञा तिथेच अडून बसते.

-सीलोकल हा नुसता सोयीचा भाग नाही. तो द्यायचा राहिला तर लाइन तुटल्याचं युनिक्सला समजत नाही, आधीच्या माणसाचा शेल तसाच उघडा राहतो आणि पुढचा फोन करणारा पासवर्डशिवाय थेट त्याच्या खात्यात उतरतो. तो माणूस रूट असला तर बोलायलाच नको.

एवढं करून लोक निर्धास्त होतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओळी गायब. कारण गेटी पोर्ट उघडला की आपली सेटिंग स्वतः बसवतो, हातानं लावलेलं पुसलं जातं. खरी नोंद गेटीच्या ओळीतच हवी. लिनक्सच्या नेहमीच्या गेटीला, म्हणजे एगेटीला, -एच हा पर्याय द्यायचा. तो नसेल तर सीआरटीएससीटीएस काढून टाकला जातो. त्यातही एक मेख आहे: एगेटी लॉगिनकडे पोर्ट सोपवताना एक्सऑन-एक्सऑफ चालू करून देतो आणि -एच मुळे ते बंद होत नाही. म्हणून ‘/ईटीसी/प्रोफाइल’मध्ये टीटीवायएस० वर लॉगिन झालं असेल तर ‘एसटीटीवाय -आयएक्सऑन -आयएक्सऑफ’ चालेल अशी अट घाला.

नव्यानं उभारणी असेल तर एमगेटीच घ्या, तो मोडेमसाठीच लिहिलेला आहे. त्याची आरटीएस-सीटीएस मुळातच चालू असते. एमगेटी.कॉन्फिग या फाइलमध्ये ‘पोर्ट टीटीवायएस०’, त्याखाली ‘स्पीड ११५२००’ आणि ‘डेटा-ओन्ली वाय’ या ओळी बहुतेकांना पुरतात. मोडेमची फ्लो कंट्रोलची आज्ञा ‘इनिट-चॅट’ मध्येही लिहून ठेवावी, म्हणजे मोडेमची आठवण पुसली तरी दर वेळी ती पुन्हा दिली जाईल. दुरुस्तीच्या वेळी ‘/ईटीसी/नोलॉगिन.टीटीवायएस०’ अशी रिकामी फाइल केली की एमगेटी फोन उचलत नाही. काढली की पुन्हा सुरू.

फ्रीबीएसडीवर डायल-इनचं नाव टीटीवाययू० आणि बाहेर फोन करायचं सीयूएयू०. तिथे सेटिंग नुसत्या पोर्टवर न करता ‘एसटीटीवाय -एफ /डेव्ह/टीटीवाययू०.इनिट सीआरटीएससीटीएस’ असं ‘.इनिट’वर करतात, कारण दर वेळी पोर्ट उघडताना ती तिथून उचलली जाते. इथला एफ लहान, लिनक्सचा मोठा. गेटीटॅबमधल्या नोंदीत ‘एचडब्ल्यू’ हा ध्वजही घालावा आणि शेवटी ‘किल -एचयूपी १’.

जुनं एससीओ युनिक्स अजून कुठे चालू असेल तर एवढंच लक्षात ठेवा: टीटीवाय१ए मधला ए लहान असेल तर मोडेमच्या तारांकडे दुर्लक्ष, मोठा असेल तर लक्ष. मोडेमला मोठा ए.

चाचणी

डोळ्यांनी यादी वाचून काही कळत नाही. डायल-इन मशीनवर ‘सेक १ २०००० > चाचणी’ असं करून एक फाइल बनवा. ती बरोबर १,०८,८९४ बाइटची होते. पलीकडच्या गावाहून फोन करून लॉगिन करा, टर्मिनल प्रोग्रामचं कॅप्चर सुरू करा आणि ‘कॅट चाचणी’ द्या. कॅप्चरमधली आपली आज्ञा आणि शेवटचा प्रॉम्प्ट काढून मोजा. ओळी २०,००० हव्यात. बाइट १,२८,८९४ निघाले तर घाबरू नका, टर्मिनल दर ओळीला एक रिटर्न जोडतं. कोणता आकडा गळला ते दिसलं की गळती नेमकी कुठून सुरू झाली ते कळतं. सुरुवातीचे काही हजार ठीक आणि मग ठरावीक अंतरानं खाडे, तर मोडेमचा बफर भरून वाहतोय, म्हणजे सीटीएस ऐकला जात नाही. ‘ओई’ वाढतोय आणि गळती फक्त आत येणाऱ्या फाइलींत आहे, तर दोष चिपकडे.

आकड्यांची फाइल फार दाबली जाते, म्हणून तिच्यावर समाधान मानू नका. एक-दोन लाख बाइटची झिप फाइल झेडमोडेम या फाइल पाठवायच्या पद्धतीनं दोन्ही दिशांना पाठवा आणि चेकसम जुळवा.

मग चालू सत्रात मोडेमची टेलिफोनची वायर उपटा. कन्सोलवर ‘हू’ करून पाहा, काही सेकंदांत ते नाव गेलं पाहिजे. नाही गेलं तर &सी१ किंवा -सीलोकल, दोघांपैकी एक राहिलंय. उलट बाजूनं, लॉगआउट केल्यावर मोडेमनं फोन ठेवला पाहिजे. नाही ठेवला तर &डी२, एचयूपीसीएल आणि डिप स्विच पाहा.

काय दिसलं तर कुठे बघायचं

फोन उचलला जातो, मोडेम जुळतात, पण पडद्यावर एक अक्षर येत नाही: सीआरटीएससीटीएस चालू आहे आणि सीटीएसची तार नाही. लांब मजकुरातच खाडे पडतात: तार आहे, पण युनिक्स किंवा मोडेम यांतला एक ती पाळत नाही. या दोन लक्षणांतला फरक ओळखला तर निम्मा शोध संपतो.

सगळं चालता चालता अचानक थिजलं आणि कंट्रोल-क्यू दाबल्यावर सुटलं, तर एक्सऑन कुठेतरी चालू राहिलाय. ‘रिस्पॉनिंग टू फास्ट, डिसेबल्ड फॉर ५ मिनिट्स’ असं इनिट (गेटी पुन्हा पुन्हा सुरू करणारा प्रोग्राम) ओरडत असेल तर बहुधा मोडेमचा एको (आलेलं परत पाठवणं) चालू आहे किंवा पोर्टचं नाव चुकलंय.

मोडेम बंद असताना त्या पोर्टवर लिहिणारा प्रोग्राम लटकतो आणि पोर्ट बंद व्हायला ३० सेकंद घेतो. हा दोष नाही. सीटीएस वर येण्याची तो तेवढा वेळ वाट बघतो. आपल्याकडे भारनियमनात हे हमखास होतं, कारण संगणक यूपीएसवर असतो आणि मोडेमचा अडॅप्टर भिंतीतल्या साध्या सॉकेटमध्ये. मोडेमही यूपीएसवरच घ्या.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो. मोडेम मॉनिटरच्या किंवा यूपीएसच्या डोक्यावर ठेवला तर आत त्याहून बरंच तापतं आणि दुपारी चारला जोडण्या तुटू लागतात. लाइन खरखरती असेल तर एस१० हे रजिस्टर वाढवून पाहा. ते सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात आणि सहसा १४ असतं, म्हणजे १.४ सेकंद कॅरियर (पलीकडच्या मोडेमचा स्वर) गेला की फोन बंद. ३० केलं तर छोटे झटके निभावतात.

टेलिफोनची वायर गॅस डिस्चार्ज ट्यूबवाल्या संरक्षकातून आणा आणि त्याचं अर्थिंग संगणकाच्याच अर्थिंगला जोडा. पंपघरात एक आणि ऑफिसात दुसरं असं वेगळं अर्थिंग ठेवून त्यांच्यात लांब सिरियल केबल ओढली, तर मृगाच्या पहिल्या विजांत पोर्ट जातो. जळलेल्या पोर्टची गंमत अशी की कधीकधी फक्त सीटीएसचा रिसिव्हर मरतो, बाकी सगळं जिवंत, आणि माणूस आठवडाभर सेटिंग शोधत बसतो. ५ आणि ८ मधला व्होल्टेज बरोबर असून ‘/प्रॉक’च्या ओळीत सीटीएस दिसत नसेल तर पोर्ट बदला.

तांब्याची लाइन जाऊन फायबरच्या डब्याला टेलिफोन लागला असेल तर आवाज पाकिटांतून जातो. तिथे ३३,६०० चा हट्ट सोडा. पुस्तिकेतली +एमएस ची आज्ञा बघून मोडेमला व्ही.३२बिसवर, म्हणजे १४,४०० वर बांधा आणि तेही टिकलं नाही तर ९,६०० वर. पोर्टचा १,१५,२०० आणि आरटीएस-सीटीएस मात्र तसेच राहू द्या. लाइन मंदावली की मोडेमचा बफर आणखी लवकर भरतो.